दुर्बिणीतला प्लांट

भिलाईत प्लांट म्हणजे एकच, लोखंडाचा. झाडालाही कुणी प्लांट म्हणत असेल हे आमच्या आईच्या गावीही नव्हतं. बाबा ब्लास्ट फर्नेसला, लोखंड वितळवायच्या भट्टीवर होते. त्यांच्या शिफ्टवर आमचा चहा, स्वयंपाक, झोप सगळं चालायचं. आई वर्ध्याकडून लग्न होऊन आली तेव्हापासून एकच म्हणायची, "अजी, मले एकदा तुमचा प्लांट दाखवा न." बाबा म्हणायचे, "काय पाहाचं हाय तिथं? धूर न धूळ." विश्वकर्मा पूजेला घरच्यांना आत नेता यायचं, पण बाबांचं "पुढच्या साली नेतो" ठरलेलं.

मी सहावीत असताना शाळेतून निरोप आणला: रविवारी म्युझियममध्ये मोठ्या मायक्रोस्कोपमधून प्लांट दाखवणार आहेत, घरच्यांनाही आणा. मायक्रोस्कोप म्हणजे काय, आईनं विचारलं. मी म्हटलं, "दुर्बिणीसारखा असते, लई पावरचा." झालं. तिनं ठेवणीतली जांभळी साडी काढली न शेजारणीला सांगून आली, "आमच्या ह्यायचा प्लांट पाहाले चालली मी."

रांगेत आमचा नंबर आला. आईनं नळीला डोळा लावला आणि बराच वेळ हललीच नाही. मग हळूच मला म्हणाली, "हे तं हिरवं हिरवं दिसून राहिलं वं. भट्टी कुठी हाय?" दाखवणाऱ्या सरांना काही कळलं नाही. ते हिंदीत समजावू लागले, हे पान आहे, ही बारीक तोंडं दिवसा उघडतात, रात्री मिटतात. आमच्यामागं कुणीतरी फिसकन हसलं. आईही हसली. "म्हणजे याले नाइट शिफ्ट नाही," म्हणाली, आणि पुन्हा एकदा डोळा लावून नीट पाहून घेतलं. रिक्षात मात्र ती त्या जांभळ्या साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा नीट करत राहिली. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

घरी बाबा आधी पोट धरून हसले, मग तिचं तोंड पाहून त्यांनी हसू आवरलं. "यंदा नेतोच," म्हणाले. त्या साली पूजेला त्यांची ड्यूटी लागली. पुढच्या साली मामाकडचं आजारपण, मग माझी परीक्षा, मग आणखी काही. सगळी बारीकसारीक कारणं, खरीच होती, पण मला त्या कारणांचा अजून राग येतो.

बाबा रिटायर झाले त्या दिवशी आई तीच साडी नेसून, हार घेऊन गेटपर्यंत गेली. मीही सोबत होते. गेटवरच्या जवानानं आम्हाला बाहेरच थांबवलं. बाबा पास जमा करून बाहेर आले. तिनं त्यांना हार घातला न त्यांच्या खांद्यावरून आत पाहत राहिली. आत सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना दाट झाडं. त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

"अजी," ती म्हणाली, "हा प्लांट तं मी म्युझियममधीच पाहून आली होती."

आईला आत नेता येईल का, हे जवानाला विचारायला बाबा मागं वळले. दोन पावलं गेले, आणि पास आता आपल्याकडेही नाही हे आठवून तिथंच थांबले.