पुसलेली वरात

आधीच एक कबूल करतो, म्हणजे कुणी मला भोळा समजायला नको. भुतं मी स्वतः बनवलेली आहेत. अहो, खरंच! गेवराई तालुक्यात उमापूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या व्हिडिओत अक्षता पडताना वारलेले आजोबा ढगातून खाली उतरतात, हात वर करून आशीर्वाद देतात, वरून फुलं पडतात... ते काम माझं. एकदा तर घाईघाईत भलत्याच घरचे आजोबा उतरवले होते. बायका तरीही रडल्या! असा माणूस असल्या गोष्टींवर कशाला विश्वास ठेवेल? नव्हताच ठेवला. या मार्चपर्यंत.

जागा नीट सांगतो. पुढं दुकान, तिथं गिऱ्हाइकांना दाखवायला मोठा टीव्ही. मधल्या खोलीत कॉम्प्युटर, राउटर आणि ‘डबा’. मागं आमचं घर. डबा म्हणजे नेटवर्कवरचं स्टोरेज – आत दोन हार्ड डिस्क. एकीवर जे जाईल तेच दुसरीवर, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी शाबूत. माझं सगळं शूटिंग त्यात. रिमोट दाबला की कुठल्याही साली झालेली वरात टीव्हीवर हजर! मी हे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत असे.

सगळ्यात नेमानं बघायला यायची ती सोजरमावशी. दर बाजारच्या दिवशी, काठी टेकत, भाजीची पिशवी घेऊन. तिचा एकुलता एक अंकुश. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ऊसतोडीला गेला, तिकडं उसाची ट्रॉली उलटली. सून माहेरी गेली, तिचं पुढं दुसरं लग्न झालं. घरी दिलेली डीव्हीडी पत्र्याखालच्या उन्हानं वाकून गेली. चालता-बोलता अंकुश आता फक्त माझ्या डब्यात होता.

मावशीला अख्खं लग्न नको असायचं. वरातीतली दोनच मिनिटं. अंकुश हलगीपुढं नाचतोय, फेटा कानावर सरकलाय. एकदम कॅमेऱ्याजवळ येतो आणि म्हणतो, “काका, माझ्या मायला घ्या की शूटिंगमधी!” मी कॅमेरा वळवतो. मावशी दारात. “अगं बया!” म्हणून तोंडावर पदर ओढते आणि गोठ्याकडं पळते. अंकुश खदखदा हसतो. संपलं.

दर वेळी बघून झालं की म्हणायची, “कावून पळाले रे मी? लेकरू बोलवत होतं.”

आणि जाताना, “एवढं माझ्या पुतण्याच्या मोबाईलमधी टाकून दे की भाऊ.”

“पुढच्या बाजारी देतो मावशी.”

ही ‘पुढच्या बाजारी’ दोन वर्षं चालली. मंडळी, हे लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवर डब्याच्या पानावर लाल ठिपका आला – नवीन फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, आलंय, अपडेट करा. मला लाल ठिपका सहन होत नाही. केलं. डबा बंद झाला, चालू झाला, हिरवा दिवा लागला... आणि टीव्हीला डबा सापडेना, कॉम्प्युटरलाही सापडेना. वर कहर म्हणजे डब्याची वायर राउटरला लावली की घरातलं सगळं नेटच बंद. काढली की चालू.

मागून आमच्या मंदाचा आवाज, “अवो, तुमी कशाला हात लावला? माजी मालिका नुस्ती गोल गोल फिरायलीय!”

तलवाड्याच्या रज्जाकभाईला बोलावलं. आमच्याकडं नेटची लाईन त्यानंच टाकलेली. त्यानं वायर बदलली, राउटर बंद-चालू केला, लॅपटॉपवर यादी उघडली आणि दाढी खाजवत बसला.

“भाऊ, नेटवर तुमच्या वस्तू किती हायेत?”

“दोन मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर. डब्याची वायर तर काढलेलीय. चार.”

“माझा लॅपटॉप सोडून पाच दिसायलेत.”

“शेजारच्यानं पासवर्ड पळवला असंल.”

पासवर्ड बदलला. पाच. मग एकेक वस्तू बंद करत गेलो. मंदाचा मोबाईलसुद्धा काढून घेतला, त्यासाठी जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिता येणार नाही. सगळं बंद, फक्त लॅपटॉप चालू. तरी यादीत एक उरलंच.

“आन् त्यानंच डब्याचा नेटवरचा जुना पत्ता धरून ठेवलाय,” रज्जाकभाई म्हणाला. “डबा आला की दोघांचं भांडण, त्यात नेट जातंय.”

“नाव काय त्याचं?”

“नाव न्हाई. नुस्ती रेघ.”

मी हसलो. म्हटलं, “बघ बे, आत कुणाचे तरी आजोबा उतरलेत!” तो हसला नाही.

नमाजाची वेळ झाली तसा तो उठला. जाताना बजावलं, “म्या येईस्तोर कशालाच हात लावू नका. लई नाजूक काम हाय.”

मी हात लावला. बाजारचा दिवस होता, मावशी कधीही येणार होती. डब्याच्या मागच्या रीसेटच्या भोकात टाचणी खुपसून दहा सेकंद दाबली. वायर थेट कॉम्प्युटरला जोडली. स्क्रीनवर लांबलचक इंग्रजी मजकूर आला, खाली हो किंवा नाही. मी चष्मा न लावता ‘हो’ दाबलं. मिनिटभरात डबा सापडला. आनंदानं ओरडलो... आणि मग दिसलं, आत काहीच नव्हतं. एकीवर जे जाईल तेच दुसरीवर. रिकामपणसुद्धा.

रज्जाकभाईनं परत येऊन स्क्रीन बघितली. “भाऊ... हे काय करून बसले वो?” मग त्यानंच राउटरचा प्लग उपसला, दोन्ही डिस्क बाहेर काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. “ह्याच्यावर आता काई लिहू नका. पुण्याला पाठवू. निघालं तर निघालं.” मी त्या दोन थंड डिस्का धरून बसलो. घरातलं शेंबडं पोर दगावावं तसं वाटत होतं, आणि ते मीच मारलं होतं.

तेवढ्यात पुढं हलगी वाजली.

बाजारच्या दिवशी हलगीचं नवल नाही. पण मग आवाज आला, “काका, माझ्या मायला घ्या की शूटिंगमधी!”

आम्ही दोघं दुकानात गेलो. टीव्ही मी सकाळीच बंद केला होता, तो चालू होता. समोर जमिनीवर मावशी बसलेली, पिशवीतून मेथी डोकावतेय. स्क्रीनवर तेच दार, दारात तीच. पदर तोंडावर गेला. आता पळणार... हे शूटिंग मी केलंय हो, शंभरदा बघितलंय!

ती पळाली नाही.

पदर हळूच खाली आला. अंकुश गेला, तिचा हात धरून तिला हलगीपुढं घेऊन आला. ती आधी नुसती उभी राहिली, मग लाजत दोन पावलं नाचली. मग चार. कॅमेरा किंचित उजवीकडं कललेला होता. तशी माझीच खोड आहे. पण हे मी कधीच टिपलेलं नाही. असं घडलंच नव्हतं.

मग स्क्रीन निळी झाली. ‘नेटवर्क सापडत नाही.’

मावशी वळली. चेहरा असा की मला तिकडं बघवेना. “बघितलंस भाऊ? आज पळाले न्हाई.”

“मी काईच बघितलं न्हाई,” रज्जाकभाई दारातून म्हणाला आणि चपला हातात घेऊनच गेला. त्याची वायरची पकड अजून माझ्याकडं पडलीय. न्यायला येत नाही, फोन उचलत नाही.

टीव्हीला पेन ड्राईव्ह नव्हता. टीव्हीच्या स्वतःच्या पोटात असं काही साठत नाही. पुण्याहून डिस्क परत आल्या, म्हणाले, यावर कधी काही लिहिल्याची खूणच मिळत नाही. राउटर नवा घेतला. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी मान हलवली आणि मग माझ्या तब्येतीची चौकशी केली.

आणि मला माहीत आहे तुम्ही काय विचारणार. खिशात मोबाईल होता, मग शूट का नाही केलंस? उभा जन्म लोकांच्या वराती टिपल्या, आणि जी टिपायची होती तिच्यासमोर दोन रिकाम्या डिस्का छातीशी धरून उभा राहिलो.

मावशी गावभर सांगते, मी लेकासंगं नाचले. लोक हसतात. भावकीतले म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं. ती म्हणते, स्टुडिओवाल्या भाऊला विचारा, त्यानं बघितलंय. मी ‘हो’ म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे – मग लावून दाखवा की. आणि मी ते पुसलंय हे मावशीला अजून माहीत नाही.

रोज सकाळी राउटरची यादी उघडतो. दोन मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर. चार. परत उघडतो. चारच.

बाजारच्या दिवशी ती पुतण्याचा मोबाईल घेऊन येते. पायरीवर तिची काठी वाजली की मी मागच्या दारानं पळतो.