नरसय्यांच्या खोलीतली ओल

निरोप आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर केळीचे पान काढत होतो. दारात शाळेचा शिपाई उभा राहिला आणि त्याच्यामागे विणकरांच्या आळीतली एक बाई, डोक्यावरचा पदर दातांत धरून. "मास्तर, राजव्वानं बोलावलंय," एवढेच ती म्हणाली. काय झाले हे मी विचारले नाही. तिच्या चेहऱ्यावर ते होते. माघातले दिवस होते. आठवडाभर असा कोरडा, थंड वारा सुटला होता की बोलताना ओठ फुटत. त्या वाऱ्यातून नरसय्यांच्या घराकडे चालताना माझ्या मनात सारखे येत होते की आज हंसराजाची पाने कुरळली असतील. मित्राच्या प्रेताकडे चाललेला मी, आणि डोक्यात कुंडीतल्या झाडाची काळजी. त्याची लाज अजून गेलेली नाही... पण नरसय्यांची आणि माझी ओळख झाली तीच त्या झाडांमुळे, आणि ते गेले त्यात त्या झाडांचा वाटा किती, हे काही केल्या ठरत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. चित्रकलेचा मास्तर म्हणून सोलापुरात नेमणूक झाली तेव्हा ट्रंकेबरोबर मी एक करंडा भरून झाडे आणली होती. दोन-तीन जातींचे नेचे, त्यातलाच एक काळ्या, केसासारख्या देठांचा हंसराज, रंगीत पानांचे अळू, आणि नारळाच्या सोडणाला बांधलेली सीतेची वेणी. आमच्याकडे ही झाडे विहिरीच्या आतल्या दगडांवर, घरामागच्या भिंतींवर आणि आंबा-फणसाच्या फांद्यांवर आपोआप वाढतात. त्यांना पाणी घालावे लागते हेच मला ठाऊक नव्हते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडाच्या पडवीत ती हिवाळाभर कशीबशी तगली. मग फाल्गुन सरता सरता दुपारचा वारा सुरू झाला, आणि मी घाबरून सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाणी ओतू लागलो. वर पानांच्या कडा करपत, खाली मुळे कुजत, आणि विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर कुंड्यांच्या काठावर चढत जाई.

नरसय्या त्याच दिवसांत आमच्या घरी लुगडे द्यायला आले. उंच, सडसडीत माणूस, चाळिशीच्या आतबाहेरचा. घरात तेलुगू बोलणारा, पण मराठी अगदी सोलापुरी. बायको लुगड्याचे काठ पाहत होती तोवर ते पडवीत उकिडवे बसले आणि त्यांनी अळूच्या कुंडीत बोट खुपसले.

"मास्तर, बुडवून मारताय की तुमी ह्याला."

"पाणी घातले नाही तर वाळतात हो."

"मुळाला लई झालं पानी. तहान वाऱ्याला हाय. त्यो पानातनं वढून पितोय. आदी वाऱ्याला पाजा, मग झाड ऱ्हाईल."

वाऱ्याला पाणी पाजायचे कसे, असे मी हसून विचारले. ते हसले नाहीत. म्हणाले, "घरी या माज्या, दावतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो. बाहेर अंग भाजत होते आणि त्या खोलीत पाऊल ठेवताच एकदम कोकणातल्या न्हाणीघरासारखा गारवा लागला. जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात पाय सोडून ते मागावर बसत. पश्चिमेला एकच खिडकी, तिच्यावर ओले गोणपाट. भुईवर पाणी शिंपडलेले, भिंतीलगत ओल्या वाळूची घमेली. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की खळ लावलेले सूत कडक होते आणि आडवा धागा नेणारा धोटा फिरताना तटातट तुटते. म्हणून चैत्रापासून मृगापर्यंत ही खोली अशी ओली ठेवायची, आणि हिवाळ्यात कोरडा वारा सुटला की पुन्हा. त्यांचे वडीलही तसेच करत. कोपऱ्यात त्यांच्या बायको राजव्वा चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. नरसय्या म्हणाले, "तुमची झाडं हितं आना. सुताबरूबर ती बी जगतील."

मी त्याच आठवड्यात करंडा त्यांच्याकडे पोहोचवला. पंधरा दिवसांत हंसराजाला नवी, पोपटी पाने फुटली.

पुढची सात-आठ वर्षे मी दर दोन दिवसांनी त्या खोलीत जात राहिलो. झाडांना पाणी कसे द्यायचे हे मी, नेच्यांच्या मुलखात जन्मलेला माणूस, एका विणकराकडून शिकलो. चैत्र-वैशाखात पहाटेच काय ते पाणी, तेही कुंडीभोवतीच्या वाळूला जास्त आणि मातीला कमी. दुपारी पानाला थेंब लागू द्यायचा नाही. आषाढात सोलापुरात आभाळ भरून येते, दिवसचे दिवस काळोखी राहते आणि पाऊस मात्र पडत नाही. तेव्हा हवाच ओली असते, म्हणून हात आखडायचा. "आभाळ बगून पानी घालू नका, माती बगून घाला," असे ते म्हणत आणि बोट दुसऱ्या पेरापर्यंत कुंडीत घालून दाखवत. भाद्रपदात मोठा पाऊस झाला की पन्हळीखाली रांजण लावून ठेवायचा, कारण नेच्याला विहिरीचे जड पाणी सोसत नाही. थंडीत ऊन वर आल्यावर, वाटीभर. सकाळी मागावर बसण्याआधी ते हंसराजाकडे जात. पानांची टोके ताठ असली की खिडकीवरचे गोणपाट वर करत. टोके जराशी वळलेली दिसली की भिंतीवर पाणी मारत, खिडकी लावून घेत आणि मगच खड्ड्यात उतरत. "सूत तुटायच्या आदी ह्यो सांगतो मला," असे ते कौतुकाने म्हणत.

केव्हा बिघडायला लागले ते मला नेमके सांगता येत नाही. भिंतीच्या बुडाशी हिरवट डाग होता, तो आधी वीतभर होता, मग माझ्या गुडघ्यापर्यंत आला. एका श्रावणात मागाच्या लाकडावर पांढरी बुरशी धरली. राजव्वांनी ती पुसली, चार दिवसांनी पुन्हा आली. खोलीत शिरताच एक वास येऊ लागला, ओल्या पोत्यांचा आणि शिळ्या खळीचा. नरसय्या बोलता बोलता थांबत आणि छातीवर मूठ ठेवून वाट पाहत, आणि मग खोकला येई. झाडे मात्र अशी वाढली होती की मी कोकणातही तशी पाहिली नव्हती. अळूचे एकेक पान ताटाएवढे झाले होते.

त्या पुढच्या ज्येष्ठात सीतेची वेणी फुलली. सोलापुरात, ज्येष्ठात, वीतभर लांब गुलाबी तुरा! मला इतका आनंद झाला की मी आमच्या हेडमास्तरांना आणि दोन शिक्षकांना ती दाखवायला घेऊन गेलो. खोली लहान, माणसे चार. नरसय्यांनी आम्हांला जागा करून दिली आणि ते बाहेर गेले. मी झाडाची माहिती सांगत होतो आणि उघड्या दारातून मला ते दिसत होते... बोळातल्या भिंतीला दोन्ही हात टेकून ते खोकत होते आणि राजव्वा तांब्या घेऊन शेजारी उभ्या होत्या. मी पाहिले आणि बोलत राहिलो. हेडमास्तरांनी विचारले, हा तुरा किती दिवस टिकतो? मी म्हणालो, हवा अशीच दमट राहिली तर तीन आठवडे.

डॉक्टरांकडे मीच त्यांना नेले. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि विचारले की काम कुठे करता. मग म्हणाले, "कोरड्या, मोकळ्या हवेत राहा. खिडकी उघडी ठेवा. माग काही महिने बंद." परतताना नरसय्या कोपऱ्यावर दम खायला थांबले तेव्हा म्हणाले, "माज्या छातीला कोरडी हवा पायजे आन् सुताला वली. दोगांत पोट सूत भरतंय, मास्तर."

"निदान झाडे तरी मी घेऊन जातो. त्यांच्यासाठी तुम्ही जास्त पाणी मारता."

"न्हेऊन कुटं ठेवताय? धा दिसांत जातील. ऱ्हाऊ द्या की. मला बी सवय झाली त्यांची."

मी पुन्हा आग्रह केला नाही. खरे सांगायचे तर त्यांनी नको म्हटल्यावर मला बरे वाटले.

शेवटची भेट पौषातली. लग्नसराईची लुगडी द्यायची होती आणि गेल्या भाद्रपदात पाऊस असा झालाच नव्हता. रांजण अर्ध्यावर, हवा राखेसारखी कोरडी. ते खड्ड्यात बसले होते, पाठीला उशी लावून. खिडकी बंद, गोणपाट ओले, भिंतींवरून पाणी ओघळत होते. चेहरा इतका उतरला होता की मला राहवले नाही. काही न विचारता मी गोणपाट सारले आणि खिडकी उघडली. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर पडले. त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला, मग आणखी एक. राजव्वांनी चरखा थांबवला. मला वाटले, जमले. आणि मग ताण्यातला एक धागा तुटला. त्यांनी तो सांधला. आणखी दोन तुटले. ते सांधायला ते वाकले आणि खोकल्याने त्यांना सरळ होता येईना.

"लावा, मास्तर," ते म्हणाले.

"राहू द्या हो. जरा वारा लागू द्या तुम्हांला."

"एवडं लुगडं हून जाऊ द्या. मग उगडतो. लावा ती."

मी ती खिडकी लावली. कडी घातली, गोणपाट नीट पसरले, कडेने आत येणारा वारा हाताने चाचपून पाहिला. ते लुगडे पुरे झाले, असे मला नंतर कळले. त्याच्यानंतरचे मागावर तसेच राहिले.

सुतकाचे दिवस झाल्यावर फाल्गुनाच्या सुरुवातीला मी झाडे आणायला गेलो. ठेवायला नव्हे, टाकून द्यायला. ती त्या खोलीत राहावीत हे मला सहन होईना. जाऊन पाहतो तो माग तिथे नव्हता. राजव्वांच्या पुतण्याने लाकूड सोडवून नेले होते. राजव्वा एका गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला लागणार होत्या. खिडकी सताड उघडी होती, गोणपाटही काढलेले, आणि दुपारचा वारा सरळ आत येत होता. हंसराज कुंडीत तपकिरी होऊन पडला होता.

मी बोलायला सुरुवात केली. राजव्वा, म्हणालो, मी ही झाडे इथे आणली नसती तर... त्यांनी मला पुरे बोलू दिले नाही. त्यांचे मराठी तुटक, पण त्या दिवशी त्या सावकाश, नीट बोलल्या.

"सासरे ह्याच खड्ड्यात बसत व्हते. असंच खोकून गेले. थोरला दीर बी. तवा झाडं कुटं व्हती?"

मी हंसराजाच्या कुंडीकडे पाहिले.

"पन मास्तर, एक सांगते. झाडांसाटी म्हनून कदी कदी खिडकी लावत व्हते, त्ये बी खरं हाय. पाऊसकाळात, सुताला गरज नसताना. मी म्हनायची, उगडा. तर म्हनायचे, मास्तरांचं हाय, जपलं पायजे."

एवढे बोलून त्या उठल्या, कोपऱ्यातली पहार घेतली आणि खड्ड्याची कड फोडायला लागल्या. ह्या खड्ड्यात आता कोणी बसणार नाही, असे त्यांनी मला सांगितले. पुतण्यालाही सांगितले होते. मी कोट काढून ठेवला. बाहेरून आम्ही मुरूम आणला, विटांचे तुकडे टाकले, तरी वीत-दीड वीत खड्डा उरला. तेव्हा राजव्वांनी अळूची कुंडी उचलली आणि खड्ड्यात उपडी केली. मग नेच्यांच्या. प्रत्येक कुंडीची माती मुळांसकट त्या ओतत गेल्या आणि मी पायाने दाबत गेलो. हंसराजाची कुंडी मी स्वतः रिकामी केली. तिच्यातली माती आतून अजून ओली होती. वरून शेण-मातीने सारवले आणि संध्याकाळपर्यंत खोलीची भुई एकसारखी दिसू लागली.

आता चैत्र अर्धा झाला आहे. पेठेतल्या विहिरींचा तळ दिसतो आहे आणि दुपारी रस्त्यावर माणूस नसतो. परवा रविवारी मी राजव्वांना भेटून आलो. त्यांनी भिंतींना चुना लावला आहे. हिरवा डाग वाळून त्याचे पोपडे पडले, ते त्यांनी झाडून टाकले. खिडकी त्या दिवसरात्र उघडी ठेवतात आणि घरभर धूळ येते. मी बसलो, त्यांनी पाणी दिले. मग माझे लक्ष भुईकडे गेले. जिथे माग होता तिथे, माणूस पाय सोडून बसेल एवढ्याच जागेवर, जमीन काळपट दिसत होती. मी वाकून हात लावला. ओली होती.

"रोज सारवते," राजव्वा म्हणाल्या. "सकाळी पुन्ना येते."

त्यांची चटई पलीकडच्या भिंतीला लावलेली होती. एवढ्या लहानशा खोलीत ती जागा सोडून निजायचे तर अंग चोरूनच निजावे लागत असेल.