कुजबुजणारा पहारेकरी

माझ्या धाकट्या भावाचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते आणि एका मंत्र्याच्या बंगल्यात चोरी करत होते.

चोरी फोनवरची. भाचीच्या कंपनीने एक गेम काढला होता. त्यात एक चोर बाई असते, तिला लपतछपत बंगल्यात शिरून तिजोरीतलं एक पत्र पळवायचं असतं. गोळीबार नाही, मारामारी नाही. कुणाच्या नजरेला पडलात की खेळ खलास. गेम सगळा मिळून सहा भागांचा, पण त्यांनी आधी पहिलाच भाग लोकांच्या हातात दिला, तोही फुकट. लोक खेळणार, आठ दिवसांत आपलं मत कळवणार, मग दुरुस्त्या होणार आणि पुढचे भाग येणार. पूर्ण स्वयंपाक झाल्याशिवाय मी पानं घेत नाही. पण हल्लीच्या कंपन्यांना कोण सांगणार.

तर त्या बंगल्यातला पहारेकरी म्हणजे आमचा धाकटा.

धाकटा म्हणजे एकसष्टचा. लहानपणी आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे होतं. पाहुणे त्याला विचारायचे, बाळा, नाव काय तुझं, कितवीत आहेस. उत्तर मी द्यायचे. डॉक्टरांनी विचारलं, कुठला कान दुखतोय, तर तेही मीच सांगितलं, आणि औषध चुकीच्या कानात पडलं. त्याने ते मुकाट्याने घालून घेतलं. आई म्हणायची, अगं त्याला बोलू दे जरा. मी म्हणायचे, बोलू दे ना, मी कुठे त्याचं तोंड धरलंय? तोंड धरलं नव्हतं हे खरं. पण मधे फट कुठे ठेवली होती?

पुढे मला बसस्थानकावर गाड्या पुकारायची नोकरी लागली. तेहेतीस वर्षं केली. भोंगा बंद पडला तरी माझं कधी अडलं नाही. आणि धाकटा लागला नाट्यगृहात, प्रॉम्प्टर म्हणून. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात बारकीशी बॅटरी. नट अडला की पुढच्या वाक्यातले दोन-तीन शब्द त्याच्याकडे असे सोडायचे की नटाला ऐकू गेले पाहिजेत आणि पहिल्या रांगेला नाही. पहिल्या रांगेने ऐकलं की प्रॉम्प्टर कामातून गेला समजा. मी दर नव्या नाटकाला मुद्दाम पहिल्या रांगेत बसायचे, प्राण कानात आणून. एकोणतीस वर्षांत एक अक्षर ऐकू आलं असेल तर शपथ. मग नटांना कानात घालायची यंत्रं मिळाली आणि धाकट्याला घरी पाठवलं. तो आणि त्याची लेक माझ्या वरच्याच मजल्यावर राहतात. वर माणूस राहतं की नाही अशी शंका येते.

ही लेक, माझी भाची, त्या गेमवाल्या कंपनीत आवाज रेकॉर्ड करायचं काम करते. पहारेकऱ्याची पाच वाक्यं होती. ‘कोण आहे तिकडे’, ‘उंदीर असेल’, ‘पाय दुखायला लागले बुवा’ असली. ऐन वेळी नटाचा घसा बसला, म्हणून ती बापाला घेऊन गेली. बापाने पाचही वाक्यं कुजबुजून म्हटली. ओरडायचं ते माणूस कुजबुजतंय म्हटल्यावर खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, पण सगळे घाईत होते. चालेल, वेगळं वाटतंय, म्हणाले.

घोळ पुढेच आहे. चोर बाईचं काम करणारी नटी समोरच्या माइकवर उभी होती, आणि सगळ्यांच्या वाक्यांची वही धाकट्याच्याही हातात होती. तिची वाक्यं स्वतःशी बोलायची: किल्ली फुलदाणीत असणार, तिजोरी तसबिरीच्या मागे असणार. ही बाई प्रत्येक वाक्याआधी मोठा दम घ्यायची, अभिनय म्हणून. धाकट्याला वाटलं, अडली. सोडले त्याने शब्द. प्रत्येक वाक्याला सोडले. एवढ्या वर्षांची सवय, जाते कुठे? आणि भाचीने काम उरकताना बापाच्या आवाजात जे जे होतं ते सगळं पहारेकऱ्याच्या नावावर चढवलं. त्यामुळे झालं काय, की गेममध्ये चोर कुठे घुटमळली, जागची हलेनाशी झाली, की दोन मिनिटांनी पहारेकरी मान न वळवता हळूच म्हणायचा, ‘किल्ली… फुलदाणीत…’

मी खेळायला बसले तेव्हा पहारेकरी धाकटा आहे एवढंच मला ठाऊक होतं, हा घोळ नव्हता. दुपारची जेवणं आटपली, कानात इअरफोनची ती बोंडं घातली आणि मुख्य दाराने बंगल्यात शिरले. समोर दार असताना खिडकीतून जायचं मला वळण नाही. पकडली गेले. पुन्हा शिरले, पुन्हा पकडली गेले. तो ‘कोण आहे तिकडे’ म्हणाला की मी म्हणायचे, मी आहे रे. असं सतरा वेळा झाल्यावर कशीबशी दिवाणखान्यातल्या पडद्याआड पोचले. अंगठा आखडला म्हणून फोन मांडीवर ठेवला नि बोटं चोळत बसले. आणि कानात आलं, अगदी आत, ‘किल्ली… फुलदाणीत…’

मला रडू कोसळलं. सांगायला लाज कसली. किल्लीचं काय घेऊन बसलात. तो आवाज इतका छान होता. धीराचा, समजूतदार, अडलेल्या माणसावर जराही न चिडलेला. एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, आणि माझा भाऊ असा बोलतो हे मला फोनकडून कळावं? मी चोरी तिथेच टाकली आणि तासभर त्या पडद्यामागे उभी राहून ऐकत बसले.

तोवर लोकांची मतं यायला लागली होती. भाची खाली येऊन वाचून दाखवायची. एकाने लिहिलं होतं, ‘पहारेकरी फितूर आहे; कुंपणच शेत खातंय, मग चोराने काय खायचं?’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘मी तीन तास अडकलो होतो, यांनी मार्ग दाखवला. माझ्या सासऱ्यांनी आजवर एवढं केलेलं नाही.’ एका बाईने विचारलं होतं, याचा त्या चोर मुलीवर जीव आहे का, असेल तर दुसऱ्या भागात दोघांचं उरकून टाका. आणि एकाने नुसतं लिहिलं होतं, ‘मला फार भीती वाटते. हा एकदा ओरडला तर बरं वाटेल.’

कंपनीतला भाचीचा साहेब, त्याला आम्ही दाढीवाला म्हणतो, त्याला हे कळलं आणि तो हादरला. ही चूक आहे, म्हणाला. आठ दिवस संपले की अपडेट पाठवायचा. तो आला की सगळ्यांच्या फोनमधून हा आवाज पुसला जाईल आणि तिथे ढगासारखा गडगडणारा दुसरा नट येईल. भाची रडत घरी आली. चूक माझी आणि पुसतायत बाबांना, म्हणाली.

धाकटा शेंगा सोलत होता. त्याने सोलणं थांबवलंसुद्धा नाही. ‘बरोबर आहे त्यांचं,’ म्हणाला. ‘बाहेर ऐकू गेलं म्हणजे चूकच की.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साठ वर्षांत एकदा हा माणूस जगाला ऐकू आला आणि त्यालाही हा चूक म्हणतो. मी तिथून उठले, खाली आले आणि फोन लावायला घेतले. बसस्थानकावरच्या सगळ्या जुन्या बायका, तिकीट खिडकीतली, कँटीनवाली, कंडक्टर होत्या त्या तिघी. सगळ्यांना एकच सांगितलं: गेम घ्या, दिवाणखान्यात शिरा, पडद्यामागे उभ्या राहा आणि अजिबात हलू नका. मत लिहा म्हटलं असतं तर कुणी लिहिलं नसतं. पण उभं राहायला सगळ्यांना येतं, तेवढी नोकरी केलेली आहे.

त्यांनी आपापल्या बहिणींना सांगितलं, बहिणींनी जावांना, नणंदांना. सहाव्या दिवशी आम्ही दोनशेच्या वर गेलो. फोन ओट्यावर उभा करून ठेवायचा, आपली कामं करायची, दर दोन मिनिटांनी तो सांगतो आहेच, किल्ली फुलदाणीत. कँटीनवाली म्हणाली, घरात कुणीतरी न रागावता बोलतंय हेच किती बरं वाटतं. तिच्या नवऱ्याने ऐकून ऐकून खरंच घरातली फुलदाणी उलटी केली. किल्ली नव्हती, पण तिचं हरवलेलं कानातलं निघालं. तिने पहारेकऱ्याला पाच तारे दिले.

तिकडे कंपनीत म्हणे भिंतीवर बंगल्याचा नकाशा असतो आणि खेळणारा प्रत्येक माणूस त्यावर ठिपका होऊन दिसतो. सगळे ठिपके एका पडद्यामागे गोळा झालेले. बागेत कुणी नाही, गच्चीवर कुणी नाही, तिजोरीकडे कुणी ढुंकून बघत नाही. दाढीवाल्याने भाचीला विचारलं, चोरी करायच्या गेममध्ये कुणी चोरीच का करत नाहीये? ती काय सांगणार? आठव्या दिवशी सकाळी धाकट्याला बोलावणं आलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला सहसा बोलवावं लागत नाही.

काचेची खोली होती. काचेपलीकडे वीस-पंचवीस पोरं कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून बसलेली. खुर्च्या चाकांच्या, धाकटा टेकला की मागे जायचा, म्हणून त्याने एका हाताने टेबल धरून ठेवलं होतं. दाढीवाला माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, घसा खाकरला.

‘काका,’ तो म्हणाला, ‘आमच्यात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात आवाज पुसा, अर्धे म्हणतात ठेवा. ठेवायचा तर उरलेले पाचही भाग पहारेकरी तुम्हीच करायचा. तुम्हीच सांगा, काय करू?’

ठेवा, मी म्हणणार होते. शब्द जिभेवर आला होता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आठ दिवसांत मी दोनशे बायका उभ्या केल्या, पण वरच्या मजल्यावर जाऊन याला एका शब्दाने विचारलं नाही, तुला काय हवंय रे म्हणून. साठ वर्षांतही नाही. मी तोंड मिटलं. टेबलावर पाण्याची बाटली होती, तिच्यावरचं लिहिलेलं वाचायला घेतलं. सगळं वाचून झालं. बाटली फिरवून मागचंही वाचलं. दाढीवाला माझ्याकडे बघत होता, भाची माझ्याकडे बघत होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे धाकटाही माझ्याकडे बघत होता, मी कधी सांगते त्याची वाट बघत. मी बाटलीवरून डोळे वर केले नाहीत. माझ्या आयुष्यात मी इतकं कठीण काम केलेलं नाही.

‘पुसा,’ धाकटा म्हणाला.

आम्ही तिघंही टेबलावर वाकलो, कारण म्हणाला तो त्याच्या नेहमीच्या आवाजात.

‘पहारेकरी पुसा,’ तो म्हणाला. ‘पहारेकऱ्याने मोठ्यानेच बोलायला हवं. त्याला कुणाची भीती आहे? पगार घेतो तो. हळू बोलायचं चोराने. तुमची चोर परक्याच्या घरात शिरून खणखणीत बोलते आणि पहारेकरी कुजबुजतो. हे उलटं झालंय. मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं.’

‘मग सांगितलं का नाही, बाबा?’ भाची म्हणाली.

‘कुणी विचारलं नाही.’

मी बाटली खाली ठेवली.

‘चोराचं काम मला द्या,’ तो म्हणाला.

दाढीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. ‘काका, चोर बाई आहे. अठ्ठावीस वर्षांची.’

‘कुजबुजताना बाई की बुवा ते कळत नाही. एकोणतीस वर्षं मी राण्यांना वाक्यं पुरवली. एकीचीही तक्रार आली नाही.’

‘अहो, पण तिची वाक्यं शेकड्यांनी आहेत. म्हणजे पहिला भाग आम्हाला पुन्हा करावा लागेल. सगळाच्या सगळा.’

धाकट्याने टेबलावरचा हात सोडला. खुर्ची मागे सरकली, तशी तो उभाच राहिला.

‘करा,’ तो म्हणाला.

हे मात्र कुजबुजून नव्हतं. काचेपलीकडे, हेडफोनच्या आत, पोरांना ऐकू गेलं. एकाने मान वर केली, मग दुसऱ्याने, मग ओळीने सगळे हेडफोन उतरवून आमच्या खोलीकडे बघायला लागले. धाकट्याने ते बघितलं. मला वाटलं, संपलं, आता हा जीभ गिळणार. मी टेबलाखाली हाताची मूठ आवळली आणि गप्प बसले.

‘करा पुन्हा,’ तो त्या पोरांकडे बघत तितक्याच मोठ्याने म्हणाला. ‘मला माझी वाक्यं पाठ आहेत.’