नादार व्हायची पात्रता

"अहो मॅडम, माझं कर्ज त्याच्या दीडपट हाय. मग तो पात्र आन् मी कसा काय न्हाई?"

हा आवाज माझा. पौडला वकीलबाईंच्या ऑफिसात मी असा ओरडलो, की खालच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद पडलं आणि मुळशी धरणाचं पाणी बोटभर हललं. असं लोक म्हणतात. म्हणजे मी सांगितल्यावर म्हणतात.

कारण माझा चुलतभाऊ. त्याने भुकूमची रस्त्याकडेची जमीन विकली, बंगला बांधला, पांढरी गाडी घेतली आणि ताम्हिणीत हॉटेल टाकलं. ती गाडी दारावरून गेली की माझ्या पोटात जे दुखायचं, त्यावर कुठल्या डॉक्टरकडे गोळी नव्हती. पुढे हॉटेल बुडालं. वाटलं, चला, फिट्टंफाट झाली. तर कसलं काय. गावात बातमी आली, कोर्टाने त्याला नादार, म्हणजे दिवाळखोर, जाहीर केलं. वसुलीवाले दारात यायचे बंद. घरोघरी बाया त्याला 'बिचारा' म्हणू लागल्या. मला जन्मात कुणी बिचारा म्हटलं नव्हतं. आणि मी मात्र भाड्याने द्यायला बांधलेल्या दहा खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला निमूट भरतोय.

आमच्याकडे एकाला पिवळं रेशनकार्ड मिळालं, तर सगळी आळी तलाठ्याकडे धावते. ह्याला तर खुद्द जज्जसाहेबांनी पात्र ठरवलेलं. मी सातबारा घेतला आणि पौड गाठलं.

वकीलबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, कायदा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. देणं किमान पाचशे रुपयांचं हवं."

"पाचशे? तेवढं तर माझं पानवाल्याकडं हाय."

"आणि ते फेडायची ऐपत नसावी."

"न्हाईच हाय."

त्यांनी सातबाऱ्यावर बोट ठेवलं. "ही दोन एकर?"

"नुसता खडक. कुसळ उगवत न्हाई."

"रस्त्याला लागून आहे. आणि खोल्या?"

"गळत्यात."

"भाडं येतं?"

"येतं की, एक तारखेला," मी छाती काढून म्हणालो, आणि मग जीभ चावली. "बायकोच्या नावावर करतो ना सगळं."

"अर्जाच्या आधी दोन वर्षांत असं काही केलं, तर कोर्ट ते रद्द करू शकतं."

तेव्हा मी ओरडलो, ते वर सांगितलंच. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. "कर्ज कितीही मोठं असू दे काका. तुम्ही फेडू शकता. तुम्ही अपात्र."

दहावीला तीनदा नापास झालो, पण एवढं लागलं नव्हतं. तिथून तडक भावाच्या बंगल्यावर गेलो. तो पायरीवर बसून भांडी गोणीत भरत होता. त्याच्या तोंडावर सगळं ओकलो: "लेका, तुझ्या नशिबाला तोड न्हाई. जमीन विकलीस, मजा केलीस, आन् वर कोर्टानं तुलाच पदराखाली घेतलं. मला हाकललं. लई जळतंय बघ माझं."

त्याने गोणीचं तोंड सुतळीने आवळलं.

"बंगल्याचा लिलाव हाय सोमवारी," तो म्हणाला. "तुज्याकडं एखादी खोली रिकामी हाय का?"