मी घातलेला हार

मला न विचारता सगळं कळतं, असा माझा समज. नोकरी सगळी विमा ऑफिसात गेली. क्लेमचे कागद नुसते चाळले तरी त्या घरात काय घडलं असेल ते ओळखायचे. नवरा म्हणायचा, "तू ना, जरा जास्तच शहाणी आहेस." खरं होतं त्याचं.

अंधेरीत आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एक अफगाण मायलेकी भाड्याने राहायला आल्या, देश सोडून आलेल्या. मुलगी सतरा वर्षांची. माझ्याकडे मराठी शिकायला यायची आणि दोन वर्षांत आमच्यासारखीच बोलायला लागली. तिला आणि तिच्यासारख्या पाच मुलांना एका संस्थेने कॅमेरे दिले होते, इथलं आपलं जगणं टिपा म्हणून. त्या फोटोंचं प्रदर्शन सोसायटीच्या हॉलमध्ये भरवायचं मीच ठरवलं. कमिटीतले कुरकुरले, "कशाला नसती भानगड?" मी त्यांना गप्प बसवलं.

फोटो झकास होते. तव्यावरची रोटी, जिन्यातल्या चपला, मेट्रोच्या पुलाखालचं क्रिकेट. या मुलीचा एक फोटो मात्र वेगळा होता: आईचा तळहात आणि त्यावर वडिलांचा पासपोर्ट साइझ फोटो. वडिलांविषयी मायलेकी कधी बोलत नसत. मीही विचारलं नव्हतं. खपली कशाला काढा? तिकडच्या धुमश्चक्रीत गेले असणार बिचारे, असं मी धरून चालले होते.

रविवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचले. दाराच्या तोरणातली झेंडूची फुलं उरली होती. त्यांचा हार ओवला, त्या फोटोला घातला, खाली उदबत्ती लावली आणि हात जोडले. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. काय बाई मी चांगली, असंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

दहाला मायलेकी आल्या. आई त्या फोटोसमोर थांबली. ती आमच्याकडच्या बायकांचे ब्लाउज शिवायची, घरोघरी जायची. हार कुणाच्या फोटोला घालतात, हे तिला सांगायची गरज नव्हती. तिने मुलीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मुलगी नुसती नकारार्थी मान हलवत राहिली. आई तिथेच फरशीवर खाली बसली.

मुलगी माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही तिने.

"काकू, काही बातमी आलीये का? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नाही गं. मला आपलं वाटलं…"

"बाबांचा पत्ता लागत नाहीये, काकू. ते गेलेले नाहीत."

मी हार काढला, उदबत्ती विझवली. आईचे हात धरून माफी मागितली. तिने उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांत एकदा विचारलं असतं तर काय जीभ झडली असती माझी?

पंधरा दिवसांनी मुलगी घरी आली, तेव्हा विचारलं. वडिलांचा शेवटचा फोन कधी आला होता?

मुंबईला आल्यापासून एकही नाही, ती म्हणाली. पण आई रोज संध्याकाळी त्यांच्या जुन्या नंबरवर मेसेज बोलून पाठवायची. आज काय शिवलं, काय रांधलं, मुलगी काय शिकली.

"अजून पाठवतात ना?" मी विचारलं.

"त्या रविवारपासून नाही."