गुप्तहेराचा कोट

माझ्या बायकोचं मत असं, की ह्या देशात लोकरीचा कोट घालून सायकल चालवणारा माणूस एकतर म्हातारा असतो नाहीतर मूर्ख. मी तेव्हा चाळिशीला टेकलो होतो, म्हणजे दोन्हीकडं पात्र. नेदरलँड्समधल्या आमच्या झूटरमेर गावात सगळे कसे शहाण्यासारखे पाणी न शिरणारी, टोपीवाली फुगीर जॅकेटं घालतात. मला मात्र कोटच हवा होता. गुडघ्यापर्यंत येणारा, गडद, बटणं आत लपलेली, पट्टा नाही की झगमग नाही. सिनेमातले गुप्तहेर घालतात तसा. आणि तोही लॉकडाऊनच्या अशा हिवाळ्यात, की दुकानं बंद, ऑफिस बंद, आणि माझा रोजचा प्रवास बेडरूमपासून जेवणाच्या टेबलापर्यंत.

"कुणावर पाळत ठेवणार आहेस एवढी?" बायको म्हणाली. "फ्रीजवर?"

ह्या खुळाचं मूळ बार्शीत होतं. माझे वडील, अण्णा, तिथं टेलर. शाळेचे गणवेश, सफारी आणि लग्नसराईत नवरदेवांचे सूट. दुकानाच्या मागच्या बाजूला आई बसायची. काज, बटणं, हातशिलाई सगळी तिची. महिन्यातून एखाद्या रविवारी अण्णा मला मॉर्निंग शोला न्यायचे, कारण तेव्हा इंग्रजी सिनेमे लागायचे. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. कोण कुणाच्या मागं लागलाय, का लागलाय, कशाचा पत्ता नसायचा. अण्णा सिनेमा बघायला येतच नव्हते मुळी, ते कोट बघायला यायचे.

"खांदा बघ, खांदा!" ते अंधारात मला कोपरानं ढोसायचे. "माणूस जिन्यावरून उड्या मारतोय, पण एक सुरकुती पडली का?" मागून हमखास कुणीतरी ओरडायचं, "मास्तर, गप बसा की राव!" मला लाज वाटायची आणि मजाही यायची. तशी मजा मला पुढं कुठल्याच सिनेमात आली नाही.

दुकानात परतलं की ते खडूनं टेबलावर ती कॉलर काढायचे. "असा एक कोट शिवायचाय मला." आतून आई म्हणायची, "बार्शीत? गिऱ्हाईक भाजून काढायचंय का?" मग आम्ही तिघंही हसायचो. कोट काही शिवला गेला नाही. कोण शिवून घेणार? आमच्याकडं थंडी म्हणजे पहाटे दोन तास मफलर.

मला मात्र त्यांनी सुईला हात लावू दिला नाही. "तू शिक," एवढंच. मी शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो, तिथून कंपनीनं नेदरलँड्सला पाठवलं. शर्टाचं बटण तुटलं तर आजही ते बायकोच लावते.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये आई गेली. झोपेतच गेली. विमानं बंद होती. मी दोन दिवस नुसते फोन करत होतो, दूतावासाला, एजंटला, ओळखीच्यांना, नुसत्या तोंडओळखीच्यांना. कुठूनही वाट निघाली नाही. अग्नी चुलतभावानं दिला. मी तो फोनवर बघितला, आणि मध्येच रेंज गेली.

त्यानंतर अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, काही नाही. रोज फोन उचलायचे. "जेवलात का?" "हं." "औषध घेतलंत?" "हं." दुकानही त्यांनी उघडलं नव्हतं. एकदा मी म्हणालो, "विमानं सुरू झाली की लगेच येतो, अण्णा." ते म्हणाले, "आता येऊन काय करणार?" आणि फोन चुलतभावाच्या हातात दिला. ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं. आई तर गेलीच होती, आता वडीलही जिवंतपणी हातचे चालले होते, आणि मी इथं बसून लोकांना स्लाइड्स दाखवत होतो.

कोटाचं खूळ त्या दिवसांतलं. सुरुवातीला मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही, पण तो मला अण्णांना दाखवायचा होता. ज्या माणसाला दुसरं काही बोलवत नाही, तो कोटाबद्दल तरी बोलेल.

ऑनलाइन दोन मागवले. पहिल्याच्या बाह्या माझ्या नखांच्याही पुढं गेल्या. डच माणसांची उंची काय सांगावी! दुसऱ्याला सोनेरी बटणं निघाली, थेट बँडवाल्याचा. दोन्ही परत केले. शेवटी जवळच्या लायडन शहरातलं एक जुनं छोटं दुकान सापडलं. आत जायला बंदी होती. मी फोनवर मापं सांगितली, आणि दुकानदारानं दारात मांडलेल्या टेबलावर पिशवी ठेवून दोन पावलं मागं घेतली. घालून बघायची सोय नाही. मी घरी आलो, आरशासमोर घातला आणि च्यायला, बसला की!

दोन आठवडे मी तो घालून कॉलर वर करून कालव्याकाठी फिरलो. खिसे तेवढे खोटे निघाले म्हणून जरा हळहळलो. एवढे पैसे घेतात आणि नुसतं खिशाचं तोंड दाखवतात! हात गारठून जायचे. कोरोनाच्या नियमानं दीड मीटरच्या आत कुणी येत नव्हतं, त्यामुळे मला कुणी काही बोललंही नाही.

मग एका रविवारी व्हिडिओ कॉल लावला. बायकोनं फोन धरला. मी हॉलमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, बघा. आपल्या मॉर्निंग शोमधला."

अण्णांचा चेहरा स्क्रीनजवळ आला, इतका की नुसता चष्मा दिसायला लागला.

"वळ," ते म्हणाले.

मी वळलो.

"अरे गाढवा!"

मी दचकलो.

"मागचा कट टाके घालून बंद हाय की! फुलीसारखे टाके दिसत नाहीत व्हय तुला? ते कच्चे असतात, काढायचे असतात! आणि बाहीवर ती पट्टी काय मिरवतोयस? लगीन हाय का तुझं?"

पट्टीचं खरं सांगायचं तर मी ती मुद्दाम ठेवली होती. आमच्याकडं नवरदेवाच्या सुटाच्या बाहीवर कापडाच्या कंपनीची पट्टी बाहेरून दिसायलाच लागायची. नसली तर नवरदेवाचा बाप भांडायला यायचा, की एवढं भारी कापड घेतलंय ते मांडवात कळायचं कसं! अण्णा शिव्या देत देत ती लावायचे. मला वाटलं, चांगल्या कोटाला ती असतेच.

"आणि खिसे खोटे आहेत, अण्णा," मी चाचरत म्हणालो.

"खोटे? तेबी शिवलेत, आकार बिघडू नये म्हणून! टेलरचा पोरगा रे तू! दोन आठवडे असा फिरलास? सूनबाई, ब्लेड आणा. ह्याच्या हातात देऊ नका, अस्तर फाडंल."

बायकोला हसू आवरत नव्हतं. फोन टेबलावर उभा केला, आणि पुढचा अर्धा तास अण्णा बार्शीहून हुकूम सोडत होते आणि ती एकेक टाका उसवत होती. "हळू. वरच्या बाजूनं. ओढायचं नाही." खिसे मोकळे झाले. "घाल हात," अण्णा म्हणाले. मी घातले. आत मऊ, उबदार अस्तर होतं. अण्णा हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी थांबेना.

"तुझी आई लई हसली असती," ते म्हणाले. मग म्हणाले, "ती गेली तेव्हा मी वाट बघत होतो रे. रस्त्याकडं बघत होतो. येणार नाहीस, ठाऊक होतं. तरी बघत होतो."

मी नुसता "अण्णा, अण्णा" म्हणत राहिलो, लहान पोरासारखा. बायको उठून आत गेली.

अण्णांनी चष्मा पुसून परत लावला. "उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय. तिथल्या कुणाला हात लावू देऊ नको. विमान सुरू झालं की घेऊन ये. दुकान झाडून ठेवतो मी." आणि एकदम हळू म्हणाले, "मला एकदा घालून बघायचाय."