दहांपैकी पाच

देहूरोडच्या लष्करी टॉकीजला दर रविवारी सकाळी जुना इंग्रजी सिनेमा लागायचा. कंपनीला सुट्टी असायची, म्हणून पिंपरीहून मी आईला घेऊन जायचो. रिळं मिळतील तशी येत. त्यामुळे तिचा आवडता अमेरिकन नट एका रविवारी पांढऱ्या केसांचा दिसे, तर पुढच्या रविवारी पंचविशीतला. इंग्रजी तिला कळत नसे, पण माणूस कळे. त्याचे नऊ सिनेमे आम्ही पाहिले; पाचांत तो शेवटी मेला.

एकदा पेपरात तो खरोखर वारल्याची बातमी फोटोसकट आली. आईला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पेपर गादीखाली सरकवला. गादी झटकताना तो तिला सापडलाच.

"ह्याचं काय लिवलंय रं?"

मला खोटं बोलता येईना. "गेला, आई."

"व्हय? पाच येळा तर आपल्याम्होरंच गेलाय. तू कशापायी तोंड पाडतोस? येईल आयतवारी."

माझा जीव भांड्यात पडला. रविवारी तो आला, पंचविशीतला, आणि शेवटपर्यंत जगला. परतताना मी आईला म्हटलं, "दहांपैकी पाच."

"मंग बरूबर झालं की," ती म्हणाली.